रंभाबाईचा डाव

घोटावड्याच्या गेणबाला पत्त्यांचं वेड मिसरूड फुटल्यापासूनचं. तीनपत्तीला बसला की भूक, तहान, बायको, सगळं विसरायचा. रंभाबाईनं लग्नानंतर चार वर्षं भांडून पाहिलं, अबोला धरून पाहिला, माहेरी जाऊन बसून पाहिलं. पाचव्या वर्षी, अठ्ठावन्न साली, भाताची लावणी उरकली तशी ती त्याच्यासमोर मांडी ठोकून बसली.

"मला शिकवा."

"काय?"

"पत्तं. बाहीर जाऊन खेळता, ते हितंच खेळू."

गेणबा पोट धरून हसला, पण शिकवलं. डावावर चिंचोके लावायचे. "आपल्या पानाकडं एकदाच बघायचं," तो सांगायचा, "मग समोरच्याकडं बघत ऱ्हायचं." तर ती त्याच्याकडं बघत राहिली. नवऱ्याच्या तोंडाकडं इतकं निवांत तिनं आजवर कधी पाहिलंच नव्हतं. दोघं हसायची, एकमेकांना लबाड म्हणायची. शेजारची सारजाबाई नावं ठेवायची, "बाईमाणूस पत्तं कुटतीया!" रंभाबाईनं मनावर घेतलं नाही. तिच्या संसारातले सुखाचे महिने ते तेवढेच.

दिवाळीपर्यंत टिकलं. मग एक दिवस गेणबानं हातातली पानं खाली ठेवली.

"चिंचोक्यात जीव लागत न्हाई गं," तो म्हणाला. रागानं नव्हे, आजारी माणूस तोंडाची चव गेली म्हणून सांगतो, तसं.

चैत्रात भरे गावच्या जत्रेत तो म्हैस हरला. कोळशाच्या भट्ट्यांचा ठेकेदार हैबतराव, त्यानं जिंकली. जत्रेहून परतलेल्या गावातल्या भैरूनं दारातूनच सांगितलं आणि रंभाबाई हाताचं पीठ न धुता निघाली. भर उन्हात चालत गेली.

आंब्याखाली घोंगडी अंथरलेली, भोवती माणसं. म्हैस खुंट्याला बांधलेली. गेणबा बुंध्याशी मान खाली घालून बसला होता.

"वैनी, म्हस गेली," हैबतराव म्हणाला. "आता रडून काय व्हतंय?"

"रडाया न्हाई, खेळाया आले." तिनं हातातले चांदीचे गोठ काढून घोंगडीवर ठेवले. "ह्ये म्हशीवर."

माणसं खदखदून हसली. हैबतरावालाही गंमत वाटली. पानं वाटली गेली. तिला आल्या दोन सत्त्या आणि एक गुलाम. हैबतरावानं पानं बघितली आणि वर नोटांची चळत ठेवली. "जमंल का?"

रंभाबाई त्याच्याकडं बघत राहिली. तो तळहातावर तंबाखू मळत होता. मळत होता, मळत होता, तोंडात काही टाकत नव्हता. भ्यालाय, तिला वाटलं. गळ्यातलं डोरलं कधी निघून घोंगडीवर गेलं, तिचं तिला कळलं नाही.

"उघडा," ती म्हणाली.

हैबतरावाकडं एकटा राजा होता, बाकी फुसकी पानं. सत्त्यांची जोडी जिंकली.

गेणबा धावत आला. आता हा हाताला धरून घरी नेईल, असं तिला वाटलं. पण त्याचे डोळे पत्त्यांच्या जुडीवर खिळले होते.

"रंभे, उठू नगंस! हात चाललाय तुझा. अजून एक डाव. त्याची बैलजोडी मागू."

"घरी चला."

"एकच!"

आणि तिला जाणवलं, आपलीही बोटं जुडीकडं सरकताहेत. ही बैलजोडी नक्की आपल्याला मिळणार असं कुणीतरी आतून सांगतंय. ती घाबरली. दोन्ही हात काखेत दाबून उठली. डोरलं आणि गोठ घेतले, म्हैस सोडली. नोटांना शिवली नाही.

"येताय न्हवं?"

"तू हो फुडं," गेणबा म्हणाला आणि तिच्या ऊबदार जागेवर बसला.

बांधावरून तिनं वळून पाहिलं. पाठमोरा होता.

तो आला नाही. त्या दिवशी नाही, त्या वर्षी नाही. पुण्यात पत्त्यांच्या कुठल्याशा क्लबात दिसला, असं बावधनचा एक माणूस सांगून गेला. पुढं तेही कानावर येईना.

गाव त्याला शिव्या घालायचं. एकदा सारजाबाई म्हणाली, "असला नवरा असून नसून सारखाच."

"नगा असं बोलू," रंभाबाई म्हणाली. "मी बसले व्हते त्या जागंवर. उठाया लई जड जातं, सारजाबाई. लई जड."