सहा नंबरचं टेबल

दिंद्रुडच्या पेठेत वैजिनाथअप्पांचं भांड्यांचं दुकान आहे. एप्रिलच्या दुपारी रस्त्यावर कुत्रंही फिरकत नाही. तेव्हा अप्पा पितळी तांब्याला मोबाइल टेकवून स्नूकर बघत बसायचे. गावात हा खेळ कळणारे ते एकटेच.

त्यांचा मुलगा मृत्युंजय क्लासेससाठी बीडला राहिला होता. क्लासच्या वरच्या मजल्यावर स्नूकरचं टेबल होतं. पोरगा वर गेला तो खाली उतरलाच नाही. अप्पांनी अबोला धरला. अप्पांची बायको उमाबाई दोघांचे निरोप इकडून तिकडे पोचवायची. ती वारली, आणि मुलाशी बोलायला काहीतरी विषय हवा म्हणून अप्पांनी साठीत तो खेळ शिकून घेतला, हातात क्यूची काठी न धरता, नुसता बघून. आता मृत्युंजय इंग्लंडमध्ये व्यावसायिक खेळाडू होता. फोनवर बापलेक खेळाचंच बोलत. दुसरं काही त्यांना साधत नव्हतं.

व्यावसायिक म्हणून खेळायची मुभा दोन वर्षांची. तेवढ्यात क्रमवारीत वर सरकलं नाही तर बाहेर. मोसमातल्या या शेवटच्या स्पर्धेची पात्रता फेरी जिंकली तरच मृत्युंजय टिकणार होता.

त्या दुपारी अप्पा दुकानात तोच सामना बघत होते; तो सहा नंबरच्या टेबलावर होता. भोवती रिकाम्या खुर्च्या. समालोचन नव्हतं; चेंडूला चेंडू लागल्याचा आवाज तेवढा येत होता. तीन-तीन फ्रेमची, म्हणजे डावांची, बरोबरी झाली. शेवटच्या फ्रेममध्ये टेबलावर दोनच रंगीत चेंडू उरले, गुलाबी आणि काळा. मृत्युंजय चार गुणांनी पुढे होता. गुलाबी खळग्यात पडला की सामना त्याचा.

शेजारचा कापडवाला सुग्रीव डोकावला. "जितलं का पोरगं?"

"थांब जरा. एकच गोळी घालायची राहिली."

मृत्युंजय टेबलावर लांब ओणवा झाला, नेम धरला, आणि तसाच थांबला. मग सरळ उभा राहिला. हात वर करून पंचाशी काहीतरी बोलला, आपल्या जाकिटाचं टोक धरून काळ्या चेंडूकडे बोट दाखवलं. खुर्चीत पाणी पीत बसलेल्या प्रतिस्पर्ध्याने चमकून वर पाहिलं.

"कावून थांबला?" सुग्रीवनं विचारलं.

"काळ्याला कापड लागलं त्याचं. दंड पडतो त्याला."

"पंचानं धरलं?"

"न्हाई. त्यानंच सांगितलं."

"कुनी बघितलं न्हाई अन् आपून होऊन सांगितलं? लई येडं हाय की हो पोरगं तुमचं!"

अप्पांना सुग्रीवचा राग आला. पण क्षणभर त्यांच्याही मनात तेच येऊन गेलं होतं, आणि त्याची त्यांना लाज वाटली.

दंडाचे सात गुण समोरच्याला गेले. त्याने गुलाबी सहज घातला. संपलं. मृत्युंजयने हात मिळवला, क्यू पेटीत ठेवला आणि चित्रातून बाहेर गेला. कुणीतरी येऊन टेबलावरच्या कापडाला ब्रश मारू लागलं.

दिवेलागणीला फोन आला.

"बघितलं का अप्पा?"

"बघितलं."

"काळा हललेला दिसला?"

"मला तर काईच दिसलं न्हाई."

"जराच हलला. मला कळलं."

अप्पांना सांगायचं होतं, केलंस ते बरोबर केलंस. पण पोराला असं काही म्हणायची सवयच नव्हती. ते म्हणाले, "निळी घातल्यावर पांढरी गोळी लई लांब गेली तुझी, म्हून एवढं ओणवं व्हावं लागलं."

"हां. तिथंच चुकलं."

"आता घरी ये."

"येऊन काय करू? इथल्या एका क्लबात काम हाय, टेबलं झाडायचं. पुढल्या महिन्यात निवड स्पर्धा हाय, परत पहिल्यापासून खेळावं लागंल."

मग अप्पांनी कधी न विचारलेलं विचारलं. "तिथं कोन हाय तुझ्यासंगं?"

"कुनी न्हाई, अप्पा." मग तो म्हणाला, "बस आली. ठेवतो."

अप्पांनी बाहेर मांडलेल्या घागरी आत घेतल्या आणि शटर ओढलं. घरी जाताना सुग्रीवच्या दुकानापाशी त्यांचे पाय थांबले. पोरानं आज काय केलं ते नीट सांगावं, असं फार वाटलं. सुग्रीव गिऱ्हाइकापुढे साड्या उलगडत होता. त्याने मान वर करून विचारलं, "काय अप्पा, काई पायजे का?"

"न्हाई," अप्पा म्हणाले, आणि पुढे चालू लागले.