पान एकेचाळीसवरचा चहा

गल्लीने त्यांचं नाव नाहीराव ठेवलं होतं. देव आहे का, असं कुणी विचारलं की ते हातातल्या प्रूफावरून नजर न उचलता "नाही" म्हणत आणि पुढची चूक शोधत.

धाकट्या भावाचा हा नन्नाचा पाढा ताईला पाठ होता. रोज सकाळी ती खालच्या मजल्यावरून वर येई, त्याने केलेल्या चहाला नावं ठेवत तो शेवटच्या थेंबापर्यंत संपवी आणि कामाला बसे. तो प्रूफ मोठ्याने वाची, ती हस्तलिखितावर बोट फिरवी. बायको गेल्यापासून नाहीरावांचा दिवस उजाडायचा तो त्या कपानेच.

मग ताई ज्यांना गुरू मानी, त्या बुवांच्या प्रवचनांचं पुस्तक तपासायला आलं. एकेचाळिसाव्या पानावर नाहीरावांनी वाचलं, "देव न मानणाऱ्याच्या हातचं पाणीही भक्ताने घेऊ नये."

ताईचं बोट थांबलं. तिने कप हळूच दूर सरकवला. दुसऱ्या दिवशी ती पाण्याची बाटली घेऊनच आली.

"अगं, साखर तुझ्याच घरची आहे!"

"हात तुझा आहे ना? वाच पुढे."

दहा दिवस नाहीराव एकटेच चहा प्यायले. नावं ठेवणारं कुणी नसलं की चहाही बेचव लागतो. ते वाक्य उडवायला एक रेघ पुरे होती. पण दुसऱ्याचा मजकूर परस्पर कापणं त्यांच्या लेखी चोरी. त्यांनी समासात एवढंच लिहिलं: "पान एकशे बारावर म्हणता, वैराने देवाचं स्मरण करणाराही तरतो. मग इथे पाणी का तोडता? कोणतं ठेवू?"

प्रूफ बुवांकडे गेलं आणि ते वाचून बुवा स्वतःच जिना चढून आले. ताईची पाचावर धारण बसली.

"सगळं पुस्तक तुम्ही वाचलंत?" बुवांनी विचारलं.

"चार वेळा. मोठ्याने."

"त्यात देवाचं नाव किती वेळा आलं?"

"दोन हजार एकशे सात. सूची मीच केली."

बुवा इतके हसले की चष्मा नाकावरून घसरला. "आमचे शिष्य दहाव्या पानावर घोरतात हो! ते वाक्य माझ्या तरुणपणचं. देवाची राखण आपणच करायची, असं वाटायचं तेव्हा. तो 'नाही' म्हणणाऱ्याचाही श्वास बंद करत नाही, आणि आम्ही चहा बंद करतो. काढा ते."

"तुम्हीच काढा. मजकूर तुमचा."

बुवांनी रेघ मारली. नाहीरावांनी आधण ठेवलं आणि मान वळवून विचारलं, "म्हणजे तुमच्या हिशेबाने मी तरलो?"

"देव मानता?"

"नाही."

"मग तुम्हाला कसली काळजी? आलं टाका थोडं."

बुवांच्या आधी ताईनेच घोट घेतला. तोंड वाकडं केलं.

"पाणचट! दहा दिवस लक्ष नव्हतं माझं, तर हात बिघडवून बसलास."

तिने कप रिकामा केला, तसा नाहीरावांनी तो न विचारताच पुन्हा भरला.