मेल कोण उडवतं?

दाजींच्या मते जगात एकच गोष्ट खोटं बोलत नाही, ती म्हणजे तोंडातून काढलेला ठसा. बाकी सगळ्यांवर डोळा ठेवावा लागतो. दूधवाल्यावर, वीजमीटरवर, स्वतःच्या घड्याळावर आणि अलीकडे मेहुण्यावर.

दाजी हे त्यांचं नाव नव्हे, नातं. बायकोचा धाकटा भाऊ अकरा वर्षांपूर्वी त्यांच्या हाताखाली काम शिकायला आला, येता-जाता 'दाजी, दाजी' करू लागला, आणि बघता बघता दातांचे डॉक्टरही त्यांना दाजीच म्हणू लागले. त्या मेहुण्याला सगळे बारक्या म्हणत. गडी चांगला पावणेसहा फूट उंच होता, पण नाव पडलं ते पडलं.

दोघं मिळून कवळ्या बनवायची लॅब चालवत. तळमजल्यावर दोन खोल्या. पुढच्या खोलीत दाजींचं टेबल, त्यावर मेण, दिवा, दातांच्या रंगांची पट्टी. मागच्या खोलीत प्लास्टर घासायचं यंत्र. दोन्हीकडे पांढरी धूळ इतकी, की संध्याकाळी दोघंही पिठाच्या गिरणीतून आल्यासारखे दिसत. लॅबमध्ये पूर्वी संगणक होता, पण ती धूळ त्याच्या पंख्यात बसली आणि त्याने मान टाकली. तेव्हापासून डॉक्टरांच्या साऱ्या मेल दाजींच्या फोनवर येत: पेशंटचे फोटो, दातांचा रंग, कवळी तोंडात बसवून बघायच्या ट्रायलची तारीख.

फोनवरच्या मेलच्या ॲपशी दाजींचं कधी जमलं नाही. पाच फोटो जोडले की ते अडकून बसायचं. महिन्यापूर्वीची मेल शोधली की नुसतं गोल गोल फिरायचं. बारक्याकडे प्रत्येक अडचणीवर तोड होती. फोटो दोन-दोन करून पाठवा. जुनी मेल ब्राउझरमधून उघडा. महत्त्वाची मेल स्वतःलाच परत पाठवून ठेवा. "अडलं की वळसा घ्यायचा, दाजी," तो म्हणायचा. दाजींना वळसे आवडत नसत. सरळ चालणाऱ्या माणसाला वळसा कशाला लागतो, असा त्यांचा सवाल होता.

आणि मग मेल नाहीशा व्हायला लागल्या.

सकाळी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेली मेल दुपारी जागेवर नसायची. दाजींनी कचऱ्याची टोपली उघडून पाहिली, तिथेही नाही. पहिल्यांदा वाटलं, वय झालं. दुसऱ्यांदा वाटलं, ॲप झोपलं. तिसऱ्यांदा मात्र मनात पाल चुकचुकली, कारण नेमकं त्याच वेळी मागच्या खोलीतून बारक्या म्हणाला, "दाजी, डॉक्टरीणबाईंचा फोन आला होता. त्या खालच्या कवळीचा रंग एक नंबर उजळ हवाय."

नाहीशी झालेली मेल हेच तर सांगत होती.

"तुला फोन आला?" दाजींनी विचारलं.

"हो, आत्ताच."

"मला का नाही केला?"

"तुमच्या हाताला प्लास्टर असेल म्हणून," बारक्या म्हणाला आणि घाईघाईने यंत्र सुरू केलं.

पुढे हे रोजचंच झालं. मेल गेली की बारक्याला 'फोन' यायचा. दाजींनी वहीत तारखा टिपायला सुरुवात केली आणि एक गोष्ट लख्ख दिसली. रविवारी एकही मेल जात नव्हती. रविवारी दाजी घरी असत आणि बारक्या आसपास नसे. आता याहून मोठा पुरावा कुठला हवा?

शेवटी त्यांनी डॉक्टरीणबाईंना गाठलंच. त्यांच्या दवाखान्यातून लॅबचं निम्मं काम यायचं. "बाई, मंगळवारी तुम्ही आमच्या बारक्याला फोन केला होता का हो?"

"फोन? छे. मी मेल केली होती," बाई म्हणाल्या.

दाजींनी घरी येऊन बायकोला सांगितलं. "तुझा भाऊ ताकाला जाऊन भांडं लपवतोय. माझ्या मेल उडवतो, आणि डॉक्टरांशी परस्पर संधान बांधतो. उद्या शेजारी स्वतःची लॅब टाकेल आणि आपण बसू दात कोरत."

"तो?" बायको म्हणाली. "अहो, तुम्ही रागावाल म्हणून तुमच्यासमोर जांभई देत नाही तो." मग ती पुढे काही बोलणार होती, पण थांबली. नुसतं एवढंच म्हणाली, "मला एकच भाऊ आहे. काय करायचं ते जपून करा."

ती थांबली, हेही दाजींनी मनात टिपून ठेवलं.

कोपऱ्यावर मोबाइल दुरुस्तीचं दुकान होतं. दुकानदार स्वतःच मुलखाचा संशयी, त्यामुळे दोघांचं छान जुळलं. त्याने फोन हातात घेतला, त्यावरची धूळ फुंकली आणि म्हणाला, "ॲपमध्ये सगळ्या सेटिंग दिसत नाहीत, काका. खरी मेख आत असते. ब्राउझरमधून जायचं, आणि त्याला सांगायचं की हा फोन नाही, संगणक आहे."

मुंगीएवढी अक्षरं उमटली. दुकानदाराने ती बोटांनी ताणून मोठी केली. तिथे एक ओळ होती. लॅबला येणाऱ्या प्रत्येक मेलची प्रत आपोआप दुसऱ्या पत्त्यावर जात होती. पत्ता बारक्याचा होता.

दाजींच्या पायाखालची जमीन सरकली. अकरा वर्षं. मेण कसं वितळवायचं इथपासून त्यांनी त्याला शिकवलं होतं. त्यांना रागाआधी रडू आलं, आणि दुकानदारासमोर रडू आलं म्हणून मग राग आला.

ते तडक लॅबमध्ये गेले. बारक्या वरचा जबडा घासत होता. दाजींनी यंत्राचं बटण बंद केलं आणि फोन त्याच्यापुढे धरला. "हा पत्ता कुणाचा?"

बारक्याने पाहिलं. त्याचा चेहरा पडला. "माझा."

"माझी प्रत्येक मेल तुझ्याकडे जाते?"

"हो. पण दाजी, मेल मी नाही उडवत. ते तुमच्या फोनवर तुम्ही..."

"आता माझ्यावरच उलट?" दाजी गरजले. "चोराच्या उलट्या बोंबा! आणि ते फोन? बाईंनी तुला एकही फोन केलेला नाही. विचारून आलोय मी."

बारक्या हळूच म्हणाला, "मागे एकदा मी तुम्हाला म्हणालो होतो, दाजी, फोन कपड्याने पुसत जा. आठवतंय? तुम्ही आठ दिवस माझ्याशी बोलला नव्हता."

"विषय बदलू नकोस. किल्ली ठेव."

बारक्याने ॲप्रन काढला, झटकला, घडी घातली. लॅबची किल्ली दाराजवळच्या खिळ्याला अडकवली आणि तो गेला. यंत्रात अर्धा घासलेला जबडा तसाच राहिला.

दाजींनी त्याच दिवशी दुकानदाराकडून ती प्रत बंद करून घेतली आणि पासवर्ड बदलला. घरी बायकोने दातांच्या कण्या केल्या, दाजी बधले नाहीत. मग तिने बोलणंच सोडलं. जेवण वाढायची, आणि समोर न बसता दुसऱ्या खोलीत जायची.

पाचव्या दिवशी डॉक्टरीणबाईंचा फोन आला. आवाज चांगलाच तापलेला. "दाजी, ट्रायल आज होती! आजोबा अर्धा तास खुर्चीत तोंड उघडून बसलेत. कुठे आहे कवळी?"

"ट्रायल तर सोमवारी आहे ना?"

"तारीख बदलल्याची मेल केली होती मी काल. इतकी वर्षं तुमच्याकडून एकदाही चूक झाली नाही. पुन्हा असं झालं तर मला दुसरी लॅब बघावी लागेल."

दाजींनी फोन उलटासुलटा केला. मेल नव्हती. पासवर्ड बदलला, वाट बंद केली, तरी पठ्ठ्या आत शिरतोच कसा? ते पुन्हा दुकानदाराकडे धावले. त्याने सगळं तपासलं आणि पहिल्यांदाच त्याचा चेहरा निराश झाला. "काका, यात तुमच्या फोनशिवाय कुणीच नाही."

दाजींनी ठरवलं, आता चोर रंगेहाथ पकडायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी फोन टेबलावर समोर उभा केला, मेलची यादी उघडी ठेवली, आणि कवळी घासता घासता स्क्रीनवर टक लावून बसले. डोळ्यांत पाणी आलं तरी नजर हलवली नाही.

दहा वाजता एका दवाखान्याची मेल आली. ठळक अक्षरांत, यादीत सर्वांत वर. आता कोण येतंय, बघू.

कोणी आलं नाही. कवळीची धूळ उडाली आणि स्क्रीनवर बसली. अक्षरं दिसेनात, म्हणून दाजींनी अंगठ्याने ती पुसली, डावीकडून उजवीकडे, दिवसातून पन्नासदा पुसत तशीच. आणि त्यांच्या डोळ्यांदेखत मेलची ओळ अंगठ्याबरोबर सरकत गेली, स्क्रीनच्या कडेला पोचली आणि नाहीशी झाली. खाली क्षणभर एक काळी पट्टी आली. त्यावर लिहिलं होतं, 'संग्रहात हलवली'. त्या धुळीत ती पट्टी आजवर त्यांच्या नजरेला पडलीच नव्हती.

दाजींनी मुद्दाम दुसऱ्या ओळीवर अंगठा फिरवला. तीही गेली. रविवारी घरी धूळ नसायची.

मग त्यांनी घरी फोन लावला. "तुला माहीत होतं?"

पाच दिवसांत बायको पहिल्यांदाच बोलली. "तो म्हणाला होता, ताई, दाजींना चूक दाखवली की ते कोमेजतात. मी मागून सांभाळून घेतो. डॉक्टरांचा फोन आला म्हणून सांगितलं की झालं, त्यांचाही मान राहतो. मला शपथ घातली होती त्याने."

"मग तो गेला तेव्हा तरी सांगायचं!"

"तुम्ही ऐकलं असतं?"

शरमेने दाजींचे कान तापले होते. त्यांनी ब्राउझर उघडला, फोनला खोटंच सांगितलं की तू संगणक आहेस, आणि मुंगीएवढ्या अक्षरांत शोधत शोधत बारक्याचा पत्ता पुन्हा घातला. पण वाट उघडेना. त्या पत्त्यावर एक आकडा पाठवला आहे, तो इथे लिहा, असा हट्ट ॲपच्या बापाने, म्हणजे ब्राउझरमधल्या त्या पानाने, धरला. म्हणजे बारक्याने दिला तरच. दाजींनी त्याला मेसेज लिहिला. तीनदा लांबलचक लिहिला, तीनदा खोडला. शेवटी एवढंच पाठवलं: 'आकडा आला असेल. पाठवशील का?'

दुपार गेली. संध्याकाळ झाली. दाजींच्या मनात पुन्हा शंकांचं मोहोळ उठलं. देणार नाही तो. का द्यावा? कुठल्या तोंडाने मागतोय आपण? लॅब बंद करताना फोन वाजला. नऊ आकडे. पुढे ना 'दाजी', ना काही. त्यांनी एकेक आकडा मोजून घातला आणि वाट उघडली.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास डॉक्टरीणबाईंचा फोन आला. "दाजी, माझी सकाळची मेल पाहिलीत ना? तुम्ही परवा पोचवलेली त्या आजोबांची कवळी घट्ट होतेय, वरचा जबडा थोडा सैल करायचाय."

"तुम्ही फोन कसा काय केलात, बाई? एरवी करत नाही."

"तुमच्या लॅबमधूनच फोन आला होता. म्हणाले, दाजी कामात असतात, त्यांना मेल केली की एक फोनही करत जा."

"कोण म्हणालं?"

"नाव नाही सांगितलं. का हो?"

"काही नाही," दाजी म्हणाले.

त्यांनी मोरीवर जाऊन हात कोपरापर्यंत धुतले, फडक्याने कोरडे केले आणि मग मेल उघडली. बाईंची मेल जागेवर नव्हती. सकाळी बसल्या बसल्या त्यांच्याच अंगठ्याने तिला कधीच निरोप दिला होता.

दाजींनी खिळ्यावरची किल्ली काढून खिशात टाकली, दिवा विझवला आणि बायकोला फोन लावला. "मी बारक्याकडे जातोय. आणि हे बघ, त्याला आधी फोन करून सांगू नकोस. पळून जाईल."