साडेआठची गोळी

श्यामसुंदरने गोळी छातीच्या उंचीवर धरली आणि सोडली. ती फरशीवर आपटली, दोनदा उसळली आणि तीन पाहुण्यांपैकी एकाच्या बुटापाशी जाऊन थांबली. पाहुणे औषध खरेदी समितीचे होते. बूटवाले गृहस्थ वाकले, त्यांनी गोळी उचलून खिडकीच्या उजेडात धरली आणि कड कुठे उडाली आहे का ते पाहिलं. कुठेच उडाली नव्हती.

"ट्रकने पाठवा नाहीतर बैलगाडीने," आमोद म्हणाला, "पोचेल तेव्हा अशीच असेल. श्यामसरांनी दोन वर्षं घातली आहेत यात."

आमोद मालकांचा मुलगा. वय चौतीस. हडपसरचा हा कारखाना वडिलांनी उभा केला आणि त्याने त्यात काचेची दारं बसवली. प्रत्येक पाहुण्यासमोर श्यामसुंदरला गोळी पाडायला लावायची ही कल्पनाही त्याचीच. गुणवत्ता विभागाचा प्रमुख, एम.एस्सी., तीस वर्षांचा अनुभव, आणि महिन्यातून चार वेळा हे काम. श्यामसुंदरला आता ते इतकं जमलं होतं की गोळी कुठल्या बुटापाशी जाईल हेही त्याला साधारण सांगता आलं असतं.

कंपवाताची ही गोळी दोन वर्षांपूर्वी बदनाम होती. कारखान्यातून गोळ्या निघायच्या आणि लांबच्या दवाखान्यांत चुरा पोचायचा. दोष औषधाचा नव्हता. अडीचशे मिलिग्रॅमच्या गोळीत औषध जेमतेम पंचवीस, बाकी सगळा भराव. माणूस औषध घेतो असं समजतो, प्रत्यक्षात बहुतेक भरावच गिळतो. जुना भराव दुधाच्या साखरेचा आणि स्टार्चचा होता, स्वभावाने मऊ. श्यामसुंदरने तो काढला आणि एक खनिज भुकटी आणली. दाबाखाली तिचा दगड होत असे. पूर्वी चार किलोच्या दाबाला मोडणारी गोळी आता बारा किलोला मोडू लागली. आमोदने त्याबद्दल त्याला काचेचं सन्मानचिन्ह दिलं. ते घरी नेताना रिक्षात तडकलं.

दारात दीक्षा उभी होती. तक्रारींची नोंदवही तिच्याकडे असे. तिने त्याला खुणेने बाहेर बोलावलं.

"सर, ग्राहकाची तक्रार आली आहे. कागदावर. पोस्टाने."

'पोस्टाने' हा शब्द तिने एखाद्या दुर्मीळ पक्ष्याचं नाव घ्यावं तसा घेतला.

श्यामसुंदरने पाकीट हातात घेतलं आणि नाव वाचायच्या आधीच त्याला कळलं. अक्षर थरथरलेलं होतं, पण ओळी सरळ होत्या. पेन्सिलीने पट्टी धरून आधी रेघा आखायच्या, वर शाईने लिहायचं आणि मग रेघा खोडरबराने पुसायच्या, असं पत्र पुण्यात आता एकच माणूस लिहीत असावा. नाना. त्याचे वडील. चौतीस वर्षं भूमी अभिलेख कार्यालयात नकाशे काढण्यात गेलेली, आणि त्याच हाताला गेली सहा वर्षं कंपवात.

"सर, यांचंही आडनाव लिमयेच आहे," दीक्षा म्हणाली. "ओळखीचे आहेत का?"

"पुण्यात लिमये पुष्कळ आहेत."

पत्र त्याने खोलीत जाऊन वाचलं.

'महोदय, मी, वय वर्षे चौऱ्याऐंशी, आपल्या कंपनीची गोळी सहा वर्षे रोज सकाळी साडेआठ वाजता घेत आहे. पूर्वी नऊ वाजून दहा मिनिटांनी माझा हात स्थिर होत असे व अकरापर्यंत स्थिर राहत असे. त्या वेळात मी दाढी करतो, शर्टाची बटणे लावतो व पत्रे लिहितो. जुलैपासूनच्या पट्ट्यांमध्ये हात दहापूर्वी स्थिर होत नाही. काही दिवशी होतच नाही. तक्ता सोबत जोडला आहे. आपली गोळी मजबूत आहे यात शंका नाही. परंतु पोटात गेल्यावरही ती तशीच राहत असावी, असा माझा संशय आहे. खुलासा व्हावा.'

तक्त्यात चार रकाने होते. तारीख, पट्टीवरचा बॅच क्रमांक, गोळीची वेळ, हाताची वेळ. जुलैतल्या सात तारखेला बॅच बदलली होती आणि त्या दिवसापासून चौथ्या रकान्यातली वेळ पुढे पुढे सरकत गेली होती. नव्या भरावाची ती पहिली बॅच. पट्ट्या श्यामसुंदरनेच घरी नेल्या होत्या, नेहमीप्रमाणे, डब्याच्या पिशवीतून.

जुलैच्या शेवटी त्याने नानांना डॉक्टरांकडे नेलं होतं. आजार पुढे सरकला आहे, असं डॉक्टर म्हणाले. घरी येताना रिक्षात श्यामसुंदरने नानांना समजावलं होतं, की नाना, आता हे असंच वाढत जाणार, वयाचं आहे. नानांनी मान हलवली होती. तेव्हापासून बटणं श्यामसुंदरची बायको नीरजा लावत असे. दाढी रविवारी श्यामसुंदर करून देई. उरलेले सहा दिवस नाना पांढरे खुंट घेऊन गॅलरीत बसत आणि समोरच्या क्लासची मुलं स्कूटर कशा वेड्यावाकड्या लावतात ते बघत.

तक्रारीला एकवीस क्रमांक मिळाला. पद्धत ठरलेली होती. त्याच बॅचच्या राखून ठेवलेल्या गोळ्या काढायच्या, सहा भांड्यांत कोमट आम्लात सोडायच्या. प्रत्येक भांड्यात एक वल्हं मिनिटाला पन्नास फेरे मारत असतं. अर्ध्या तासात पाऊण औषध उतरलं पाहिजे. हे काम श्यामसुंदर कधी स्वतः करत नसे. त्या दिवशी तो स्टूल घेऊन समोर बसला. सहाव्या भांड्यात गोळी तळाला गेली आणि राहिली. विसाव्या मिनिटाला तिच्यावरची कंपनीची अक्षरं वाचता येत होती.

पहिल्या सहा नापास झाल्या. नियम सांगतो, अशा वेळी आणखी सहा घ्या आणि बारांची सरासरी काढा. सरासरी शहात्तर टक्के आली. हवी होती पंचाहत्तर. गोळी पास झाली.

भांडी धुवायला गेली तरी श्यामसुंदर स्टुलावर बसून होता. यंत्रात वल्हं फिरतं. नानांच्या पोटात काही फिरत नाही. या आजारात हाताबरोबर पोटही मंद होतं, हे त्याला पुस्तकातून पाठ होतं. भराव निवडताना मात्र त्याने फक्त ट्रकचा विचार केला होता.

संध्याकाळी तो आमोदकडे गेला. जुना भराव थोडा परत घालू, दाब कमी करू, आठ किलोवर आणू, असं त्याने सुचवलं. त्यासाठी तीन महिने लागतील हेही सांगितलं. आमोदने शांतपणे ऐकलं. आमोद नेहमी शांतपणेच ऐकत असे, त्याचं शिक्षणच तसं झालं होतं.

"पण पास आहे ना, श्यामसर?"

"पास आहे. एका पेशंटला उशिरा लागू पडते."

"एका. कोण आहे?"

"ज्येष्ठ नागरिक आहेत. सदाशिव पेठेतले."

"मग बरोबर आहे," आमोद म्हणाला, आणि हसून लॅपटॉपकडे वळला. समितीची ऑर्डर बावीस लाख गोळ्यांची होती आणि तिच्यात उंचीवरून पाडण्याची अट होती. श्यामसुंदरला आणखी एक वाक्य बोलायचं होतं. ते फार लांब नव्हतं. 'ते माझे वडील आहेत,' एवढंच. ते तोंडाशी असतानाच तो बाहेर आला आणि बसच्या रांगेत उभा राहिला.

घरी त्याने दोन गोष्टी करून पाहिल्या. कोपऱ्यावरच्या दुकानातून दुसऱ्या कंपनीची पट्टी आणली. नानांनी भिंग घेऊन मागची बारीक अक्षरं वाचली आणि पट्टी पुन्हा त्याच्या हातात दिली. नाव दुसरं होतं, निर्मितीचा पत्ता हडपसरचाच होता. मग त्याने लक्ष्मी रोडवर जाऊन खरोखरच परक्या कारखान्याची, हिमाचलातून आलेली पट्टी आणली. ती नानांनी उघडलीही नाही.

"मी कंपनीला लिहिलं आहे," नाना म्हणाले. "उत्तर येईपर्यंत हीच घ्यायची. तक्रार चालू असताना पुरावा बदलत नाहीत."

"मग निदान कुटून देतो. खलबत्त्यात."

नानांनी खोक्यातली घडी घातलेली चिठ्ठी काढली आणि थरथरतं बोट एका ओळीवर ठेवलं. 'गोळी अखंड गिळावी. कुटू अथवा चावू नये.' ही ओळ सहा वर्षांपूर्वी श्यामसुंदरनेच लिहिली होती, कारण खाली तेवढी एक ओळ मोकळी राहत होती.

"कोणीतरी विचार करूनच लिहिलं असेल," नाना म्हणाले.

ते ज्या कंपनीबद्दल बोलत होते तिथे आपला मुलगा रोज साडेसातला डबा घेऊन जातो, असं त्यांच्या चेहऱ्यावर कुठेही नव्हतं. घरचं घरी आणि कचेरीचं कचेरीत, ही त्यांची जुनी शिस्त. त्यांच्या सख्ख्या भावाच्या जमिनीची मोजणी त्यांच्याच टेबलावर आली होती, तेव्हाही त्यांनी भावाला नंबर लावून बाकावर बसवलं होतं.

उत्तराचा मसुदा ठरलेलाच होता. दीक्षाने नाव आणि तारीख तेवढी बदलली. आपल्या तक्रारीची सखोल तपासणी केली असता उत्पादन सर्व निकषांत बसत असल्याचे आढळून आले. औषधाचा परिणाम व्यक्तिपरत्वे बदलू शकतो. कृपया आपल्या डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. श्यामसुंदरने पेनाचं टोपण काढलं, पुन्हा लावलं, पुन्हा काढलं. दीक्षा समोर उभी होती आणि तिला पावणेसहाची बस पकडायची होती. त्याने सही केली.

पत्र पिशवीत घालून घरी नेता आलं असतं. पण तक्रारदाराला उत्तर पोस्टानेच जायचं, तशी नोंद लागते. हडपसर ते सदाशिव पेठ हे अंतर पत्राने सहा दिवसांत कापलं. त्या सहा दिवसांत रोज संध्याकाळी श्यामसुंदर दार उघडल्यावर आधी टीपॉयकडे बघत असे.

रविवारी सकाळी तो दाढीचं सामान घेऊन गॅलरीत आला, तेव्हा नाना टेबलापाशी बसले होते. समोर पत्र आणि पत्रावर भिंग. आठ पन्नास झाले होते. गोळी साडेआठला घेऊन झाली होती.

"उत्तर आलं," नाना म्हणाले.

"काय म्हणतात?"

"गोळी चांगली आहे म्हणतात. मी व्यक्तिपरत्वे आहे."

श्यामसुंदरने दाढीच्या पाण्याचा मग खाली ठेवला. पाणी हिंदकळून फरशीवर सांडलं.

"कोणी लिमये आहेत तिथे," नाना पुढे म्हणाले. त्यांनी भिंग सहीवर धरलं, पण ते हलत होतं आणि सही त्याच्याखाली मोठी-लहान होत होती. "सही छान आहे. हात स्थिर दिसतो माणसाचा."

खाली कोणीतरी स्कूटरला किका मारत होतं. ती सुरू होईना. श्यामसुंदर ती सुरू होण्याची वाट बघत उभा राहिला.

"ते राहू दे," नाना दाढीच्या सामानाकडे बघून म्हणाले. "कागद घे. माझा हात यायचा आहे अजून. मी सांगतो, तू लिही."

तो बसला. नानांनी पट्टी आणि पेन्सिल त्याच्यापुढे सरकवली. त्याने आधी रेघा आखल्या. मग पेन घेतलं.

"प्रति, श्री. लिमये यांस. महोदय, आपले पत्र पोचले. आपण गोळी भांड्यात तपासली असेल. ती भांड्यात विरघळली असेल, याबद्दल माझी तक्रार नाही. लिहिलंस?"

"हो."

"आपणांस विनंती, की आपण एकदा सवड काढून यावे व ही गोळी घेतलेल्या माणसाशेजारी सकाळी साडेआठ ते अकरा बसावे. दुसरी तपासणी करण्याची गरज नाही. चहाची सोय आहे. कळावे."

श्यामसुंदरने 'कळावे' लिहिलं. खाली, उजव्या कोपऱ्यात, सहीपुरती जागा सोडली आणि कागद नानांकडे फिरवला. नानांनी पेन घेतलं. टोक कागदाला टेकलं आणि तिथेच टकटक करू लागलं. सहीच्या जागी निळ्या ठिपक्यांचा एक लहान पुंजका उमटला. नानांनी पेन उचललं.

"थांबू. नवाला पाच कमी आहेत."

ते थांबले. नऊ दहा झाले. पूर्वी याच मिनिटाला नाना पेन उचलत असत. साडेनऊला नीरजा चहा ठेवून गेली. दहाला ती कप न्यायला आली, तेव्हा दोन्ही भरलेलेच होते. ती ते तसेच घेऊन गेली. नानांनी आणखी दोनदा पेन टेकवून पाहिलं. पुंजका थोडा पसरला.

"मी धरू का हात?" श्यामसुंदरने विचारलं.

"मग ती तुझी सही होईल."

क्लास सुटला, स्कूटर निघून गेल्या, गल्ली रिकामी झाली. श्यामसुंदरला नानांच्या शर्टाचं वरचं बटण दिसत होतं, आणि त्याच्या खाली, पोटात कुठेतरी, अक्षरं वाचता येतील अशी ती गोळी. अकराचे ठोके शेजारच्या घरातून ऐकू आले.

नानांनी सही न झालेलं पत्र बाजूला केलं आणि तक्त्याची वही पुढे ओढली.

"तारीख घाल आजची," ते म्हणाले. "बॅच पट्टीवर आहे. गोळी, साडेआठ."

श्यामसुंदरने लिहिलं.

"आणि हात?"

"रेघ मार."

श्यामसुंदरने चौथ्या रकान्यात रेघ मारली. पट्टी घेतली नव्हती, तरी ती अगदी सरळ आली.