तीस वर्षांचा गॅस

संध्याकाळच्या बातम्या सुरू व्हायच्या सुमारास संपादकांनी तिच्यापुढे एक कागद सरकवला. "आधी हे वाच. जसंच्या तसं."

रेडिओवर बातम्या देण्यात हयात गेलेली बाई ती, पण त्या दिवशी दुसऱ्याच वाक्याला अडखळली. देशातल्या सर्वांत मोठ्या गॅस क्षेत्रातला साठा तीस वर्षं पुरेल, हा अंदाज साफ चुकला होता. उरला होता जेमतेम चार वर्षांचा. घरगुती गॅसचा दर उद्यापासून तिप्पट.

तिच्या अंगावर काटा आला, तो काही दरामुळे नव्हे. तिचा नवरा त्याच क्षेत्रावर भूगर्भतज्ज्ञ होता.

घरी पोचली तर भाजीचं पातेलं शेगडीवर आणि शेगडी बंद. सासूबाई समोर नुसत्याच उभ्या.

"अगं, तुझी बातमी ऐकली आणि बटण फिरवायला हातच धजेना. तू रेडिओवर तीस वर्षं म्हणायचीस, त्या भरवशावर मी विजेची शेगडी भंगारात घातली. खालच्या बेकरीवाल्यानं तर नवी गॅसभट्टी बसवली!"

नवरा टेबलाशी बसला होता. त्याने मान वर केली नाही, तेव्हाच ती काय ते समजली.

"तुला माहीत होतं?"

"विहिरींचा दाब दोन वर्षं उतरतोय. मी वर कळवलं होतं. तोंड बंद ठेवा म्हणाले."

"आणि मी माइकसमोर तीस वर्षं, तीस वर्षं करत होते, ते तू इथं बसून चहा पीत ऐकत होतास?"

"नोकरी गेली असती गं."

"देशाला नाही तर नाही, बायकोला तरी सांगायचंस! माझ्या तोंडून खोटं वदवून घेतलंस तू."

सासूबाई मुलाकडे बघत राहिल्या, जणू कोणी परकाच घरात शिरलाय.

तिने संपादकांना फोन लावला. "सकाळच्या बातम्यांत माझा नवरा बोलेल." नवऱ्याच्या तोंडचं पाणी पळालं, पण तो नाही म्हणाला नाही.

सकाळी स्टुडिओत तो बोलला. दाब कधीपासून उतरला, कुणाला कळवलं, काय उत्तर आलं, साठा किती उरला तर चार वर्षांचा, सगळं. शेवटी, कुणी विचारलं नसताना, म्हणाला, "माझ्या बायकोला यातलं काही ठाऊक नव्हतं." दुपारपर्यंत त्याच्या निलंबनाचा हुकूम आला. तिला वाटलं, चला, निदान मळभ तरी गेलं.

तेवढ्यात बेकरीवाल्याचा फोन. चिडलेला नव्हता बिचारा. "ताई, एवढंच विचारा साहेबांना, चार वर्षं तरी नक्की ना? त्या हिशेबानं भट्टीचं काय ते ठरवतो."

तिने फोनवर हात ठेवून नवऱ्याला विचारलं.

तो खिडकीबाहेर बघत म्हणाला, "अडीच. फार तर."

"मग सकाळी चार का म्हणालास?"

"लोक घाबरले असते."

तिने फोन त्याच्या हातात कोंबला. "घे. तूच सांग त्यांना. मी इथेच उभी आहे."