मागचं डावं दार

"पप्पा, तुम्ही गाड्यांचा मुका घेता का?"

हे विचारायची पैज ऋतिका आणि डिंपलने लावली होती. दोघी माझ्याच वर्गातल्या. एकदा येता-जाता त्यांनी पप्पांना एका गाडीच्या दाराला गाल लावून, डोळे मिटून उभं राहिलेलं पाहिलं, आणि तेव्हापासून त्यांनी माझा जीव खाल्ला होता. वक्तृत्वात पहिली आल्यापासून मी कुणालाही काहीही विचारू शकते, असं मीच सगळीकडे मिरवत होते. म्हणून रविवारी पप्पांचा डबा घेऊन धुळ्याच्या आमच्या दुकानावर गेले आणि खणखणीत आवाजात विचारलं. दोघी शेजारच्या रसवंतीवर कान टवकारून बसल्या होत्या.

पप्पा वायर गुंडाळत होते. मान वर न करता म्हणाले, "नाही बेटा, अजून भूक नाही. ठेव डबा तिथं."

दोघी अशा खिदळल्या की डिंपलच्या नाकातून रस आला. मीही हसले. त्या गेल्यावरही बराच वेळ हसत होते.

माझे पप्पा गाड्यांचं वायरिंग बघतात. सगळे त्यांना वाल्मीकभाऊ म्हणतात आणि सेंट्रल लॉकची भानगड असली की त्यांच्याकडेच गाडी आणतात. सेंट्रल लॉक म्हणजे ड्रायव्हरने आपलं एक दार लॉक केलं की बाकीच्या दारांमधल्या छोट्या मोटरीही टक करून लॉक लावतात. चार दारं, चार टक. एखादा टक कमी पडला की पप्पा पूर्वी बसल्या जागी दार ओळखायचे. आजकाल मात्र उठून एकेका दाराला गाल लावतात.

तेवढ्यात शिंदखेड्याचे प्रेमराजभाऊ गाडी घेऊन आले. भाड्याने गाडी चालवतात ते.

"वाल्मीकभाऊ, मांगला डावा दरवाजा लॉक व्हस नही. पोरे बसतस गाडीम्हा, चालती गाडीम्हा उघडी टाकतस."

"बसा भाऊ, देखस मी," पप्पा म्हणाले. आणि जाऊन मागचं सोडून पुढच्या डाव्या दाराचे स्क्रू काढायला लागले.

प्रेमराजभाऊ म्हणाले, "मांगला, भाऊ."

पप्पांनी दाराच्या आतलं पॅड उचकटलं.

"अरे मांगला! कितला डाव सांगू? तुम्हले आयकू येस का नही?"

पप्पा थांबले. हातातला स्क्रू त्यांनी जपून खिशात टाकला. "ट्रक गेला ना भाऊ, त्याच्या आवाजात..."

मी रस्त्याकडे बघितलं. ट्रक नव्हता. रस्त्याच्या मधोमध एक कुत्रं झोपलेलं होतं.

प्रेमराजभाऊ चहाला गेले, तेही पुटपुटत. पप्पांनी पुढचं पॅड परत बसवलं. मग मागच्या डाव्या दाराशी गेले, ते लावून घेतलं, त्याला गाल टेकला आणि मला ड्रायव्हरच्या दारावरची लॉकची खुंटी दाबायला सांगितलं. मी दाबली.

"मोटर गेली," ते म्हणाले. "बदलून टाकू." असं म्हणून तिथेच पायरीवर बसले. नवी मोटर आणायला जायचंही त्यांच्या जिवावर आलेलं दिसत होतं.

खुंटी दाबताना माझी ओढणी घसरून आत मागच्या सीटवर राहिली होती. ती घ्यायला मी ते मागचं दार उघडलं आणि उगाच, चाळा म्हणून, पुढे हात घालून खुंटी वर ओढून पुन्हा दाबली आणि त्याच दारातून आवाज आला. टक!

"पप्पा, झाला की टक!"

ते रस्त्याकडेच बघत होते. मी त्यांच्या समोर जाऊन बसले आणि पुन्हा म्हणाले, "टक झाला."

त्यांनी माझ्या ओठांकडे बघितलं. "झाला? दार लावलेलं होतं?"

"उघडं होतं."

"आता लावून दाब."

दाबलं. "गप्प."

"पुन्हा उघड."

"टक!"

पप्पा उठले. दार आणि ते ज्याला जोडलेलं असतं तो गाडीचा खांब यांच्यामध्ये एक रबरी नळी असते, तिच्यातून वायरी दारात जातात. दार उघडताना-लावताना ती दर वेळी वाकते. पप्पांनी ती नळी खांबातून ओढून काढली. आत निळी वायर तुटली होती. दार उघडलं की तिची टोकं चिकटायची, लावलं की सुटायची.

"नवी मोटर घालून हाच त्रास राहिला असता," ते म्हणाले. मग वायरीची तुटलेली टोकं सोलता सोलता, "मागच्या महिन्यात एकाच्या गाडीला तसंच केलं मी. चांगली मोटर काढून फेकली."

त्यांनी वायर जोडून कथिलाचा डाग दिला, मी नळी धरली. प्रेमराजभाऊंनी येऊन दार चारदा लावून बघितलं आणि हसून म्हणाले, "पोरगीले शिकाडी राहिनात का?"

"हो, शिकवतोय," पप्पा म्हणाले.

गाडी गेल्यावर त्यांनी डबा उघडला, पण खाल्लं नाही. "दिवाळीनंतर शटर कायमचं पाडतो, बेटा. शिरपूरला एका कापसाच्या जिनिंगवर गेटवाला पाहिजे. गेटवर काय ऐकायचं असतं? गाडी दिसली की उघडायचं." मग हळूच म्हणाले, "आईला सांगू नको."

संध्याकाळी आईने त्यांच्या खांद्याला हात लावला, ते वळले, आणि मग तिने विचारलं, "चहा ठेवू?" ती नेहमी असंच करते. आधी हात, मग बोलणं. मला आजवर ते प्रेम वाटायचं. म्हणजे प्रेमच ते. पण तिला कधीचं माहीत होतं.

पप्पा मोरीत हात धूत होते. ग्रीस निघत नव्हतं, तरी घासत होते. मी त्यांच्या समोर जाऊन उकिडवी बसले, म्हणजे त्यांना माझं तोंड दिसेल, आणि आईलाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले,

"शटर पाडायचं नाही. उद्या शाळा सुटली की आपण तिघं आधी कानाच्या डॉक्टरकडे जायचं. तिथून मी दुकानावर येणार, आणि रोज येणार. दहावी झाल्यावर आयटीआयला हेच शिकणार. तोवर दारांचं काय म्हणणं आहे ते मी सांगेन, आणि त्याचं काय करायचं ते पप्पा, तुम्ही सांगा."