दाढेतल्या सुईचं म्हणणं

मी सुई बोलतेय. अख्खी नव्हे, सुईचं टोक. तांदळाच्या अर्ध्या दाण्याएवढंही नसेन. पण कापडात आधी शिरायचं ते टोकानेच. नेढं काय, मागून दोरा ओढत येतं.

कारखान्यात तारेच्या भेंडोळ्यातून मला कापलं, तापवलं, घासलं आणि बहिणींच्या रांगेत कागदाला टोचून ठेवलं. तेवढीच मी स्वस्थ बसले. काकूने उचललं आणि सुरू झालं माझं वरखाली, वरखाली. काज, बटणं, दुमड. थांबणं माझ्या अंगातच नाही.

काकू म्हणजे गल्लीतली शिवणकाम करणारी बाई. जुने कपडे उसवून उसवून शिवण शिकली. कुणी शिकवलं नाही, आणि हे ऐकवल्याशिवाय ती कुणाचं माप घेत नाही. तिची खोड एकच: हाताला लागेल ते हत्यार. चष्म्याचा स्क्रू कात्रीने, कुलूप टाचणीने आणि दात सुईने.

तिची उजवीकडची खालची शेवटची दाढ ठणकायला लागली. त्या बाजूला ती एकटीच उरलेली. काढता-घालता येणाऱ्या दातांची तार तिलाच अडकवलेली. ती गेली की चावणंच बंद. म्हणून दातांच्या डॉक्टरांनी ती उपटली नाही. आतली नस काढली, पोकळी धुतली आणि वर तात्पुरतं सिमेंट भरलं.

"काकू, आठ दिवसांनी या. दुखायचं थांबलं तरी या."

दुखायचं थांबलं. काकू कशाला जातेय! तीस गणवेश शिवायचे अंगावर होते.

सिमेंट कधी निघालं तिला कळलंही नाही. भोकात पेरूची बी अडकली तेव्हा कळलं. तिने माझ्यातला दोरा काढला, आरशासमोर आ वासला. बी निघाली. तेवढ्यावर थांबावं की नाही? पण उसवायला घेतलं की शेवटपर्यंत उसवायची तिची सवय. मला आणखी खोल सारलं. दाढेचं मूळ वळलं. मला वळता येत नाही. कट्!

मला वाटलं, आता ही घर डोक्यावर घेईल. तिने उरलेला तुकडा बटणांच्या डबीत टाकला आणि गणवेश पुढे ओढला.

आतले ते तीन आठवडे विचारू नका. काळोख, ओल, घास चावला की वरून दाब. हलावंसं वाटे, हलता येत नव्हतं. दाबाने जरा सरकले की बाहेरचं हाड ठणके आणि काकू मशीन थांबवून गाल दाबून धरी. शेवटी गाल सुजला आणि लेक तिला ओढतच दवाखान्यात घेऊन गेली.

एक्स-रेत मी पांढरीशुभ्र उमटले. डॉक्टरांचा चेहराही तसाच झाला.

"काकू, दातात काही घातलं होतं का?"

"मी? मी काय कुकुलं बाळ आहे?"

आणि पर्समध्ये ती बटणांची डबी होती! दाखवायलाच आणली होती. पण तिने पर्स मांडीखाली सारली.

दाढ बधिर करून डॉक्टर माझ्या बाजूने कोरत गेले. मशीनची घरघर, पाण्याचा फवारा. अचानक माझ्या शेजारची भिंत फुटली आणि गरम रक्त आत आलं. डॉक्टरांनी हात मागे घेतला.

"माझं चुकलं, काकू. नस काढायच्या प्रत्येक पिनेचं टोक मी तपासतो, मागच्या वेळी एक तपासायची राहिली. ती आत तुटलीय. काढायला गेलो आणि मुळाला भोक पडलं. दाढ कदाचित जाईल."

लेक उसळली. "अहो, तुमच्या हातात तोंड दिलं आम्ही! आई, तू बोलू नकोस, मी बघते यांच्याकडे."

गप्प राहिली असती तर काकू सुटत होती. मी आत तडफडत होते. बोल, बाई, बोल!

काकूने कापसाचा बोळा थुंकला. अर्धं तोंड बधिर, तरी आवाज खणखणीत. "तूच बोलू नकोस. पिन त्यांची नाही. सुई माझी आहे." तिने डबी त्यांच्या हातात कोंबली.

"अहो काकू, मी विचारलं तेव्हा..."

"तेव्हा खोटं बोलले. भोक तुमचं, सुई माझी. आता दाढ वाचवायचं बघा."

डॉक्टरांनी तुकडा उजेडात धरला. "ही गुळगुळीत आहे. माझ्या पिनेला पीळ असतो, ती भिंतीत रुतते. म्हणून मी कोरत होतो. ही नुसत्या थरथरीनेही सुटेल."

त्यांनी बारीक थरथरणारं टोक मला टेकवलं. किती दिवसांनी हलले मी! पाण्याबरोबर वाहत बाहेर आले. डॉक्टरांनी भोक सिमेंटने बुजवलं. धरलं की नाही, ते सहा महिन्यांनी कळणार होतं.

चार झालेत. तार अजून दाढेलाच अडकलेली आहे. मी काचेच्या बाटलीत, मशीनच्या फळीवर. कुणी विचारलं की काकू सांगते, "तो माझा शहाणपणा. बाटलीत ठेवलाय."

गंजलेय. कापडात शिरायचे दिवस गेले. पण मशीन सुरू झालं की बाटली थरथरते आणि मी काचेवर टकटक करते. दात कोरायला कुणी सुई उचलली, तर जास्तच. ऐकू आलं तर हात मागे घ्या, आणि तिला कापड द्या.